वाचकांचे प्रश्न : एसक्यूएल सर्व्हर बसत नाही, तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. ऑफिसातल्या किंवा घरातल्या साध्या संगणकावर एसक्यूएल सर्व्हर (डेटा साठवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) बसवायला घेतला आणि मध्येच घोडं अडलं. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : आमची छोटी पतसंस्था आहे. काउंटरवर तीन संगणक, तिन्हींवर विंडोज 7. जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा एसक्यूएल सर्व्हर 2008 एक्स्प्रेसमध्ये (त्याच्या फुकट आवृत्तीत) आहे. आता संचालक मंडळाने नवीन सॉफ्टवेअर घेतलं, त्याला एसक्यूएल सर्व्हर 2019 लागतो. सेटअप सुरू केला की ‘ऑपरेटिंग सिस्टिम किमान गरजा पूर्ण करत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि सगळं थांबतं. सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा म्हणतो, कंपॅटिबिलिटी मोड लावू, नाहीतर तपासणी वगळून बसवू. मार्चअखेर तोंडावर आली आहे. त्याचं ऐकू का?
— पतसंस्थेतील लेखनिक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, ऐकू नका. त्या मुलाचा हेतू चांगला असेल, पण सभासदांच्या ठेवी ज्या डेटाबेसमध्ये आहेत तिथे हा प्रयोग नको.

एसक्यूएल सर्व्हर 2019 ला विंडोजमध्ये किमान विंडोज 10 किंवा विंडोज सर्व्हर 2016 लागतं. विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती 2014 ची, तीही सर्व्हिस पॅक 1 असेल तरच. कंपॅटिबिलिटी मोडने सेटअपला विंडोजचा खोटा आवृत्ती-क्रमांक दाखवता येतो. पण 2019 चं इंजिन, म्हणजे डेटा हाताळणारा मुख्य भाग, विंडोजकडे ज्या सुविधा मागतं, त्या विंडोज 7 मध्ये मुळात नाहीत. क्रमांक बदलून त्या येणार कुठून? तपासणी वगळायची सोय सेटअपमध्ये आहे हे खरं. ‘संगणक रीस्टार्ट करायचा बाकी आहे’ अशी सूचना चुकून अडून बसली, तर जाणती माणसं ती वापरतात. ऑपरेटिंग सिस्टिमच चालत नसेल तिथे तिचा काही उपयोग नाही. समजा कशीबशी फाइल पुढे सरकली, तरी पिग्मी एजंटांच्या मशीनमधला डेटा चढवताना इंजिन बंद पडलं तर जबाबदारी कोणाची?

आणखी एक गोष्ट आजच बघा. कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ वाचा. तिथे 32 बिट लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपला. 2016 पासून एसक्यूएल सर्व्हर फक्त 64 बिटमध्ये येतो. आणि 32 बिट विंडोज जागच्या जागी 64 बिट करता येत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

मग कोणीतरी सुचवेल की 2014 टाकू, तो विंडोज 7 वर बसतो. बसतो, पण मी तो सल्ला देणार नाही. विंडोज 7 चा सर्वसामान्यांसाठीचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आणि एसक्यूएल सर्व्हर 2014 चा 9 जुलै 2024 ला. शिवाय 2019 साठी लिहिलेलं सॉफ्टवेअर 2014 वर चालेलच असं नाही. ‘स्ट्रिंग अ‍ॅग’ नावाचं फंक्शन 2017 मध्ये आलं, ‘स्ट्रिंग स्प्लिट’ 2016 मध्ये. तुमच्या नवीन सॉफ्टवेअरच्या एखाद्या अहवालात त्यातलं काही वापरलं असेल, तर रोजच्या नोंदी छान होतील आणि थकबाकी यादी काढताना एरर येईल. तोवर डेटा नवीन सॉफ्टवेअरमध्ये गेलेला असेल आणि मागे फिरणं अवघड होऊन बसेल.

माझं म्हणणं असं की संचालक मंडळापुढे एका नव्या संगणकाचा खर्च मांडा. 64 बिट विंडोज 11 प्रो, 16 जीबी रॅम, एसएसडी आणि सोबत चांगला यूपीएस. विंडोज 10 असलेला जुना संगणक आता विकत घेऊ नका, त्याचाही सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. हा संगणक काउंटरवर ठेवू नका, आतल्या खोलीत ठेवा आणि त्यावर सर्व्हरशिवाय दुसरं काम करू नका. काउंटरवरचे तीन संगणक तूर्त राहू शकतील का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. त्याचा क्लायंट (काउंटरवर चालणारा) प्रोग्राम विंडोज 7 वरून 2019 शी जोडला जातो असं त्याने सांगितलं तरच ठेवा, आणि त्यांना इंटरनेट देऊ नका. जमेल तसे एकेक करून बदला.

आता डेटा हलवायचं काम. यात घाई करू नका. मी सांगली-मिरज भागातल्या सहकारी संस्थांचे संगणक बघते. माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त घोटाळे या पायरीवर झाले आहेत, सेटअपच्या पायरीवर नाहीत.

दिवसाची अखेर झाली, रोजकीर्द निघाली, सगळे काउंटर बंद झाले की जुन्या संगणकावर मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) उघडा आणि आधी ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही डेटा शाबूत आहे का ते तपासणारी आज्ञा चालवा. शेवटच्या ओळींत अ‍ॅलोकेशन आणि कन्सिस्टन्सी या दोन्ही चुका शून्य दिसल्या पाहिजेत. शून्य नसतील तर तिथेच थांबा. तुटका डेटा नव्या घरात नेऊन तो नीट होत नाही. शून्य असतील तर डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, बॅकअप, आणि प्रकार ‘फुल’. तयार होणारी बीएके फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. बरेच जण बॅकअप न घेता एमडीएफ (डेटाची मूळ) फाइलच पेन ड्राइव्हवर कॉपी करायला जातात. एसक्यूएल सर्व्हरची सेवा चालू असताना ती कॉपी होत नाही. सेवा बंद करून केली, तरी सोबतची एलडीएफ (लॉगची) फाइल मागे राहिली की पुढे जोडताना डोकेदुखी होते. बीएके हाच सरळ रस्ता.

2008 चा बॅकअप 2019 मध्ये उघडतो. 2019 चा बॅकअप 2008 मध्ये मात्र कधीच उघडत नाही. म्हणून जुना संगणक लगेच पुसू नका, यंदाचं ऑडिट होईपर्यंत तो तसाच झाकून ठेवा. रिस्टोअर केल्यावर जुन्या संगणकावरून त्याच तारखेला छापलेले कागद समोर घ्या आणि अखेरची रोख शिल्लक, ठेवींची एकूण बाकी, कर्जांची एकूण बाकी, सभासद संख्या एकेक करून जुळवा. चार आकडे जुळले की पाच-सहा खाती उचलून त्यांची खतावणी बघा. त्यात एखादं बंद झालेलं खातं आणि एखादं थकीत कर्ज जरूर असू द्या. हे काम व्यवस्थापकांना शेजारी बसवून करा आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

एक्स्प्रेस एडिशनच्या मर्यादा आधी माहीत असू द्या. 2019 एक्स्प्रेसमध्ये एक डेटाबेस 10 जीबीपर्यंतच वाढतो, आणि रॅम कितीही घातली तरी डेटाच्या पानांसाठी तो साधारण 1.4 जीबीच वापरतो. छोट्या पतसंस्थेला हे सहसा पुरतं. पण नवीन सॉफ्टवेअर सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुने डेटाबेसमध्येच साठवत असेल, तर 10 जीबी बघता बघता भरतात. हा प्रश्न पुरवठादाराला आजच विचारा. दुसरं म्हणजे एक्स्प्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, त्यामुळे रात्रीचा बॅकअप आपोआप होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून बॅकअपची आज्ञा लावून घ्या आणि फाइल खरंच तयार होते का, हे आठवडाभर रोज सकाळी उघडून बघा.

बसवून झाल्यावर काउंटरवरून ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश येण्याची शक्यता बरीच आहे. घाबरू नका. एक्स्प्रेस बसवताना टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी घेण्याची सोय, बंदच असते. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ती चालू करा, पोर्ट (जोडणीचं दार) 1433 ठरवून द्या, सेवा रीस्टार्ट करा आणि विंडोज फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं उघडा. राउटरवरून ते बाहेरच्या इंटरनेटला उघडून द्या असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. डेस्कटॉप विंडोजला आपण सर्व्हर आहोत हे ठाऊक नसतं. जेवणाच्या सुट्टीत कोणी कीबोर्डला हात लावला नाही की ती झोपी जाते आणि तिन्ही काउंटर एकदम अडतात.

राहिला मार्चअखेरचा मुद्दा. वर्षअखेरीच्या कामात हा बदल करू नका. यंदाचा ताळेबंद जुन्यावरच निघू द्या. नवीन संगणक आत्ता घ्या, त्यावर बॅकअप टाकून सराव करा आणि प्रत्यक्ष बदल एप्रिलमध्ये करा.

प्रश्न : ताई, मी नाशिकला बी.एस्सी. संगणकशास्त्र शिकते. बाबांनी नवा लॅपटॉप घेऊन दिला, विंडोज 11 आहे. एसक्यूएल सर्व्हर 2019 बसवताना शेवटी ‘वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड’ असं येतं. काढून पुन्हा टाकला, विंडोजसुद्धा नव्याने टाकली, तरी तेच. मैत्रिणीच्या विंडोज 10 लॅपटॉपवर तीच फाइल पहिल्या झटक्यात बसली. लॅपटॉप खराब आहे का? बाबांना सांगायची भीती वाटते.

उत्तर : लॅपटॉप खराब नाही, आधी तेवढी काळजी सोड. बाबांनाही तसंच सांग.

तुझी अडचण वरच्या पतसंस्थेपेक्षा वेगळी आहे. तिथे सेटअपने दारातच अडवलं. तुझ्याकडे त्याने विंडोज 11 मान्य केली, फाइली ठेवल्या, इंजिन सुरू केलं आणि ते उठण्याची वाट बघितली. इंजिन उठलं नाही. तू लिहिलेल्या संदेशाचा अर्थ एवढाच. का उठलं नाही हे त्यात नाही, म्हणून ते वाक्य शोधून मिळणारे दहा उपाय दहा दिशांना नेतात. कारण इंजिनच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं.

सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स, मग मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या फोल्डरमध्ये जा. तिथे एमएसएसक्यूएल15 आणि पुढे तुझ्या इन्स्टन्सचं (बसवलेल्या प्रतीचं) नाव असा फोल्डर असेल. त्याच्या आत एमएसएसक्यूएल, त्याच्या आत लॉग. तिथे ‘एररलॉग’ नावाची फाइल आहे. तिला एक्स्टेन्शन नसतं, म्हणून डबल क्लिकने उघडत नाही. नोटपॅड उघड आणि तिला त्यात ओढून टाक. आता तळापासून वर वाचत ये. ‘मिसअलाइन्ड लॉग आयओज’ असे शब्द आणि त्याआधी 256 हा आकडा असलेली ओळ दिसते का बघ. तुझ्या वर्णनावरून ती असावी असा माझा अंदाज आहे.

दिसली तर दुसरा पुरावा घे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि इंग्रजी अक्षरांत ‘एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:’ अशी आज्ञा दे. येणाऱ्या यादीत ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी आहेत, एकीच्या शेवटी ‘फॉर अ‍ॅटॉमिसिटी’, दुसरीच्या शेवटी ‘फॉर परफॉर्मन्स’. त्यांच्यापुढचा आकडा 512 किंवा 4096 असेल तर ठीक. 8192, 16384 असा मोठा असेल तर चोर सापडला.

असं का होतं, हे तुझ्या अभ्यासाचंच आहे, म्हणून सविस्तर सांगते. डेटाबेस कुठलाही बदल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहितो आणि डेटाच्या फाइलमध्ये नंतर. मध्येच वीज गेली तर उठल्यावर तो लॉग वाचतो आणि पूर्ण झालेले व्यवहार ठेवून अर्धवट राहिलेले परत फिरवतो. या सगळ्याचा भरवसा एका गोष्टीवर असतो : लॉगचा तुकडा डिस्कच्या सेक्टरच्या, म्हणजे डिस्क एका वेळी लिहिते त्या ठरावीक तुकड्याच्या, हद्दीत चपखल बसला पाहिजे, म्हणजे तो एक तर पूर्ण लिहिला जातो किंवा अजिबात लिहिला जात नाही. म्हणून एसक्यूएल सर्व्हर सेक्टरच्या मापाबाबत हट्टी आहे. त्याला 512 बाइट आणि 4096 बाइट हीच मापं चालतात. नव्या लॅपटॉपमधल्या काही एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क यापेक्षा मोठं माप सांगतात. विंडोज 10 चा ड्रायव्हर ते माप वरपर्यंत पोचवत नव्हता, विंडोज 11 चा पोचवतो. म्हणून मैत्रिणीकडे बसलं आणि तुझ्याकडे नाही. विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही, कारण डिस्क तीच आणि ड्रायव्हरही तोच.

उपाय मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे. रजिस्ट्री एडिटर उघडून आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेव. मग एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, स्टॉर-एनव्हीएमई, पॅरामीटर्स, डिव्हाइस असं खाली उतर. उजव्या बाजूला न्यू, मग ‘मल्टि-स्ट्रिंग व्हॅल्यू’. नाव ‘फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइझ इन बाइट्स’, इंग्रजीत, सगळे शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. त्यात किंमत लिहायची : एक फुली, मग एक मोकळी जागा, मग 4095. फुली म्हणजे कीबोर्डवरची 8 च्या वरची चांदणी. मधली मोकळी जागा विसरलीस तर काही होणार नाही आणि उपाय खोटा आहे असं वाटेल. आकडा 4095 च आहे, 4096 नाही.

लॅपटॉप रीस्टार्ट कर आणि तीच एफएसयूटिलची आज्ञा पुन्हा दे. आकडे 4096 झालेले दिसले तरच पुढे जा. मग कंट्रोल पॅनलमधून अर्धवट बसलेला एसक्यूएल सर्व्हर काढ, पुन्हा रीस्टार्ट कर आणि नव्याने बसव. घरात 512 किंवा 4096 माप सांगणारी दुसरी डिस्क असेल, तर रजिस्ट्रीला हात न लावता डेटाबेसच्या फाइली तिच्यावर ठेवणं हाही मार्ग आहे.

एररलॉगमध्ये ती ओळ नसेल तर मात्र रजिस्ट्रीत काहीही बदलू नकोस. कारण वेगळं आहे. मला एररलॉगच्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी पाठव. शिवाय सेटअपच्या ‘150’ या फोल्डरमध्ये सेटअप बूटस्ट्रॅप, लॉग या वाटेने गेलं की ‘समरी’ नावाची टेक्स्ट फाइल असते, तीही जोड. पुढच्या अंकात तुझंच पत्र आधी घेईन.

प्रश्न : ओळखीतल्या एकाने एसक्यूएल सर्व्हरची एंटरप्राइझ एडिशन आणून दिली. माझ्या दुकानातल्या विंडोज 11 प्रो संगणकावर ती बसत नाही, पण एक्स्प्रेस बसते. फाइल खराब आहे का?
— औषध विक्रेते, लातूर

उत्तर : फाइल ठीक असेल. एंटरप्राइझ एडिशन फक्त विंडोज सर्व्हरवर बसते, विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीवर नाही. दुकानाच्या बिलिंगला तिची गरजही नाही. एक्स्प्रेस व्यवसायासाठी फुकट आणि कायदेशीर आहे, तीच ठेवा. कोणी डेव्हलपर एडिशन सुचवेल. तिच्यात एंटरप्राइझची सगळी वैशिष्ट्यं आहेत आणि पैसेही पडत नाहीत, पण तिचा परवाना सॉफ्टवेअर बनवणं आणि तपासणं यापुरताच आहे, रोजच्या धंद्याला चालत नाही. ओळखीतून आलेली, परवान्याचा कागद नसलेली सीडी परत करा.

प्रश्न : आमच्या वर्गात तिघांकडे मॅकबुक आहेत, दोघांकडे उबुंटू 24.04 (लिनक्सचा एक प्रकार). प्रात्यक्षिकं एसक्यूएल सर्व्हरवर आहेत. मॅकसाठी फाइल सापडत नाही. उबुंटूवर एसक्यूएल सर्व्हर 2022 बसवताना एलडॅपची कुठली तरी लायब्ररी नाही म्हणून अडतं.
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे

उत्तर : मॅकसाठी फाइल सापडणार नाही, कारण एसक्यूएल सर्व्हर मॅकओएससाठी कधी आलाच नाही. विंडोजखेरीज तो 2017 पासून लिनक्सवर आहे. उबुंटूवाल्यांचं कारण वेगळं. 2022 ची पॅकेजेस उबुंटू 20.04 आणि 22.04 साठी बांधलेली आहेत. त्यातली 22.04 ची पॅकेजेस ओपन-एलडॅपची 2.5 मालिकेतली लायब्ररी मागतात आणि 24.04 मध्ये 2.6 आहे. 22.04 मधली लायब्ररी ओढून आणून बसवणारे आहेत, पण उबुंटूच्या पुढच्या अपडेटला पुन्हा नवा गुंता होतो. त्या वाटेला जाऊ नका.

पाचही जणांना एकच उत्तर देते : डॉकर. हा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइलींसह एका वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतो. मायक्रोसॉफ्टची तयार लिनक्स इमेज मिळते, तिच्यात उबुंटूची योग्य आवृत्ती आणि लायब्ररी आधीच आहेत. कंटेनरला किमान 2 जीबी रॅम द्या. मॅकबुक एम मालिकेच्या चिपचे असतील तर ही इमेज इंटेल प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे हे लक्षात ठेवा, आणि डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये रोझेटाचा (इंटेलचे प्रोग्राम या चिपवर चालवणारा) पर्याय चालू करा. प्रात्यक्षिकांना हे पुरतं. कोणाचा खरा हिशेब मात्र त्यावर ठेवू नका.

कंटेनर सुरू होतो आणि काही क्षणांत बंद पडतो, असं तुमच्यातल्या एखाद्याला नक्की दिसेल. बहुतेक वेळा कारण पासवर्ड असतो. ‘एसए’ या मुख्य खात्याचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा, आणि मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं या चारपैकी तीन प्रकार त्यात हवेत. ‘एबीसी123’ दिला की इंजिन उठून लगेच थांबतं. डॉकरच्या लॉगमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. परवान्याच्या अटी मान्य असल्याची ओळ, म्हणजे ‘अ‍ॅक्सेप्ट यूला’ला ‘वाय’, दिली नसेल तरीही तो सुरू होत नाही. आणि कंटेनर तयार करतानाच ‘/व्हीएआर/ओपीटी/एमएसएसक्यूएल’ हा फोल्डर डॉकरच्या व्हॉल्यूमला (कंटेनरबाहेरच्या साठ्याला) जोडून ठेवा, म्हणजे कंटेनर काढून नवा केला तरी तुमची टेबलं जागेवर राहतील.